सगळे उपचार एकाच कागदावर : इंदूरमधलं अल्सरेटिव्ह कोलायटिसचं एक प्रकरण

मी इंदूरमध्ये पोटविकारांच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आतड्यांच्या दाहाचे जे रुग्ण आमच्याकडे येतात, त्यांतले बहुतेक जण ॲलोपॅथीच्या गोळ्यांबरोबर आणखी काहीतरी घेत असतात. काढा, चूर्ण, गव्हांकुराचा रस, कोणाच्या तरी ओळखीतल्या वैद्यांची पुडी. हे चूक की बरोबर, असा वाद घालण्यापेक्षा हे सगळं कोणाला माहीत असतं आणि कोणाला नसतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढचं प्रकरण त्यासाठीच लिहिलं आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मीनलताई ३६ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासरचं घर राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा जुन्या वस्तीत. घरात सासू-सासरे, यजमान, दोन मुलं आणि धाकटे दीर. खाणंपिणं इंदुरी मराठी घरात असतं तसं: रविवारी पोहे-जिलबी, वरणभातावरसुद्धा सेव, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू, एकादशीला शेंगदाण्याचा कूट आणि मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी.

२०२० च्या अखेरीस त्यांना शौचातून रक्त पडायला लागलं. घरात सर्वानुमते मूळव्याध ठरली आणि सुरण, ताक, मलम यांत सात-आठ महिने गेले. मात्र रक्ताबरोबर आव पडत होती, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे रात्री झोपेतून उठून जावं लागत होतं. मूळव्याध माणसाला रात्री दोनदा जुलाबासाठी उठवत नाही. हे लक्षण कोणी नीट विचारलं असतं, तर निदान लवकर झालं असतं.

२०२१ मध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. गुदाशयापासून मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणापर्यंत सलग सूज होती, हात लावला की रक्त येत होतं. बायोप्सीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. या आजाराचं जुळं म्हणावं असा क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आपल्याकडे त्याची आतड्याच्या क्षयाशी गल्लतही होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो, गुदाशयातून सुरू होतो आणि सलग वर चढतो. मीनलताईंच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती.

उपचार सुरू झाले: आतड्याचा दाह शमवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या रोज ४.८ ग्रॅम आणि रात्री मेसालामिनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध. गोळी वरून आणि एनिमा खालून, असे दोन्ही दिले तर एकट्या गोळीपेक्षा गुण चांगला येतो, ही या आजारातली पक्की गोष्ट आहे. दीड-दोन महिन्यांत रक्त थांबलं. मग गोळ्या २.४ ग्रॅमवर आणल्या आणि एनिमा आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायला सांगितला. बरं वाटलं तरी औषध थांबवायचं नाही, हेही सांगितलं होतं.

गोळ्या त्यांनी घेतल्या. एनिमा दुसऱ्या महिन्यापासूनच सुटला. ही गोष्ट कोणत्याही केसपेपरवर नव्हती, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. एनिमा घेतल्यावर डाव्या कुशीवर निदान अर्धा तास पडून राहावं लागतं, शक्यतो रात्रभर औषध आत टिकलं पाहिजे. मीनलताईंची खोली वरच्या मजल्यावर आणि संडास खाली, स्वयंपाकघराला लागून. तिथे जायचं तर सासू-सासऱ्यांच्या पलंगावरून जावं लागे. रात्री साडेदहाला हातात ती बाटली घेऊन जिना कसा चढायचा, आणि घाईची लागली तर उतरायचं कसं? त्यांनी हे यजमानांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर विचारत, ‘औषधं चालू आहेत ना?’ त्या ‘हो’ म्हणत. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं.

अडचण

पुढच्या दोन वर्षांत आजार दोनदा उसळला. दोन्ही वेळा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं. चेहरा सुजला, झोप उडाली, चिडचिड वाढली. वर्गात तास चालू असताना मध्येच जावं लागायचं, म्हणून त्या सकाळी काही न खाता शाळेत जाऊ लागल्या. दुपारी घरी आल्यावर भुकेने जे समोर येईल ते खायचं आणि संध्याकाळी पोट धरून बसायचं, असं चक्र सुरू झालं.

२०२३ च्या पावसाळ्यात देवासच्या आत्या राहायला आल्या. त्यांच्या दिरांना ‘असंच काहीतरी’ होतं आणि उज्जैनकडच्या एका वैद्यांच्या औषधाने ते बरं झालं होतं. आत्या म्हणाल्या, ‘अगं, जन्मभर गोळ्या खायच्या याला काय उपचार म्हणायचं? एकदा दाखवून तर ये.’ मीनलताई गेल्या. वैद्यजींनी सविस्तर प्रकृती विचारली, तब्बल पाऊण तास बसवलं. असा वेळ त्यांना आधी कुठेच मिळाला नव्हता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

वैद्यजींनी ग्रहणीचं, म्हणजे आयुर्वेदातल्या आतड्यांच्या एका विकाराचं, निदान केलं आणि कुटजघन वटी (कुड्याच्या सालीच्या गोळ्या), पंचामृत पर्पटी, गुळवेलीचा काढा आणि पथ्य दिलं. पथ्य कडक होतं: पहिला महिना धान्य जवळजवळ बंद, मुख्यतः ताक आणि थोडी मुगाची पेज. ग्रहणीत ताकाचं महत्त्व आयुर्वेदात फार जुनं आहे आणि पर्पटीच्या कल्पात आहार असाच आवळतात, तेव्हा हे त्यांच्या शास्त्राला धरूनच होतं. मेसालामिन थांबवा असं वैद्यजी म्हणाले नाहीत. ते आत्या म्हणाल्या: ‘दोन्ही औषधं पोटात भांडतात.’ मीनलताईंनी गोळ्या बंद केल्या. वैद्यजींना ते माहीत नव्हतं, आणि आमच्या डॉक्टरांना वैद्यजी माहीत नव्हते.

पहिले पाच आठवडे फार छान गेले. जुलाब कमी झाले, गॅस गेला. ही सुधारणा मला खोटी वाटत नाही. सेव, कच्चा कांदा, मका, शेंगदाणे सगळं एकदम बंद झाल्यावर आतड्यावरचा भार हलका होतोच. लक्षणं कमी झाली, पण दाह आत तसाच होता आणि तो तपासायला कोणी सांगितलं नव्हतं. सातव्या आठवड्यापासून रक्त पुन्हा सुरू झालं. आत्यांनी फोनवर धीर दिला की आतलं सगळं बाहेर पडतंय. आणखी तीन आठवडे गेले.

त्या आमच्याकडे परत आल्या तेव्हा दिवसाला पाच वेळा रक्तमिश्रित शौच होत होतं. वजन ५४ वरून ४८ किलोवर आलं होतं, हिमोग्लोबिन ९.८ होतं. नाडी ८४, ताप नव्हता. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन ११८० आलं. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. ५० च्या खाली ते सामान्य मानतात आणि २५० च्या वर गेलं तर आतड्यात दाह सक्रिय आहे असं समजतात. सिग्मॉइडोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या खालच्या भागाची दुर्बिणीने तपासणी) सूज जुन्या जागीच होती, वर चढली नव्हती.

अनपेक्षित निघाला तो यकृताचा रिपोर्ट. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटी १६८, म्हणजे असावं त्याच्या चौपट. आता खरा गुंता झाला.

कोणते पर्याय होते

डॉक्टरांनी त्या दिवशी इतर रुग्ण थांबवून मला आत बोलावलं आणि मीनलताईंना विचारलं, ‘गेल्या तीन महिन्यांत तोंडावाटे जे जे पोटात गेलं, ते सगळं सांगा. मी रागावणार नाही.’ मी लिहून घेतलं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मेसालामिन बंद होतं. वटी, पर्पटी आणि काढा चालू होते. कोविडच्या वर्षांपासून सकाळी गुळवेलीच्या गोळ्याही चालूच होत्या, म्हणजे गुळवेल दुहेरी जात होती. कंबर दुखते म्हणून अधूनमधून डायक्लोफेनॅक. झोपेसाठी मैत्रिणीने दिलेलं अश्वगंधाचं चूर्ण, नीमचहून आणलेलं. नीमच-मंदसौरकडे अश्वगंधा आणि इसबगोल दोन्ही पिकतात, त्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ती औषधं म्हणून मोजलीच जात नाहीत.

हा कागद समोर आल्यावर एकेक धागा मोकळा करता आला.

यकृत कशाने बिघडलं? कोलायटिसच्या रुग्णात यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर पित्तनलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस मनात आणावाच लागतो. पण त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं, ते इथे सामान्य होतं. सोनोग्राफी ठीक होती, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली होती, आणि अश्वगंधाबद्दलही अशा नोंदी आहेत. डायक्लोफेनॅक तर यकृताला त्रास देतं आणि कोलायटिसही भडकवू शकतं. तीन संशयित एकाच वेळी पोटात असताना एकावर बोट ठेवता येत नाही. म्हणून तिन्ही थांबवायचं ठरलं.

पर्पटीत पारा आणि गंधक असतात, शिवाय लोह, अभ्रक आणि ताम्र यांची भस्मं. त्यामुळे मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन तपासलं. ते ठीक निघाले. ही तपासणी मेसालामिनसाठीही लागतेच, कारण क्वचित ते मूत्रपिंडाला इजा करतं. उद्या क्रिएटिनीन वाढलं असतं आणि दोन्ही औषधं चालू असती, तर दोष कोणाला द्यायचा? एकाच अवयवावर परिणाम करू शकणारी दोन औषधं दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता दिली की असंच होतं.

आता पुढचे मार्ग. पहिला: स्टेरॉइड देऊन दाह शांत करायचा आणि अझॅथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर जायचं. वर्षा-दोन वर्षांत दोनदा स्टेरॉइड लागलेल्या रुग्णात हा विचार रास्तच असतो. पण यकृत बिघडलेलं असताना अझॅथायोप्रिन सुरू करणं धोक्याचं. दुसरा: बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे दाह घडवणारी ठरावीक प्रथिनं अडवणारी औषधं. त्यासाठी आधी क्षयाची तपासणी, आणि खर्च असा की शिक्षिकेच्या पगारात बसवणं अवघड. तिसरा: मेसालामिन पूर्ण मात्रेत, वरून आणि खालून, परत सुरू करायचं.

तिसऱ्या मार्गावर मी बराच वेळ बोलले. फाइलवर ‘मेसालामिन असूनही तीनदा उसळी’ असं दिसत होतं आणि पुढच्या पायरीवर जायला तेवढं पुरेसं होतं. पण एनिमा दोन वर्षं घेतलेलाच नव्हता आणि या वेळी तर गोळ्याही नव्हत्या. जे औषध नीट घेतलंच गेलं नाही, ते निकामी ठरवणं मला पटत नव्हतं. डॉक्टरांनी हे मान्य केलं, पण एक अट घातली: आठ आठवड्यांत कॅलप्रोटेक्टिन २५० च्या खाली आलं नाही, तर अझॅथायोप्रिनचा निर्णय पुढे ढकलायचा नाही.

चौथा मार्ग मीनलताईंनीच मांडला: ‘मला आयुर्वेद सोडायचा नाही. तिथे मला कोणीतरी ऐकून घेतलं.’ हे वाक्य बाजूला सारलं असतं तर त्या महिन्याभरात पुन्हा तिकडे गेल्या असत्या, आणि पुन्हा न सांगता.

काय केलं

प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून सुरू केलं, आठवड्याला पाच-पाचने उतरवत आठ आठवड्यांत बंद. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मेसालामिन ४.८ ग्रॅम आणि रोज रात्री एनिमा. लोह सलाइनमधून दिलं, कारण सूज असताना तोंडावाटे लोह नीट शोषलं जात नाही आणि पोटालाही खुपतं. सी. डिफिसाइल जंतूची तपासणी स्टेरॉइड सुरू करण्याआधीच केली, ती निगेटिव्ह होती.

एका कागदावर धोक्याची खूण लिहून दिली: दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर किंवा अंगात ताप, तर फोन न करता सरळ इमर्जन्सीत यायचं. ही खूण ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या कसोटीतून घेतली आहे, आणि ती कसोटी आजही वापरतात. असा रुग्ण घरी ठेवायचा नसतो. यजमानांना नाडी मोजायला शिकवलं.

एनिमाचा प्रश्न औषधाने सुटणारा नव्हता. मी यजमानांना वेगळं बोलावलं, मीनलताईंच्या संमतीने. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘मला वाटायचं ही खाली जायचा कंटाळा करते.’ पुढच्याच रविवारी खोल्या बदलल्या. सासू-सासऱ्यांना जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून दिरांनी खालची खोली सोडली. सासूबाईंना काय आणि किती सांगायचं, ते मीनलताईंनी ठरवलं. त्यांनी सगळंच सांगितलं, आणि त्यानंतर रात्री दहाला खालचा दिवा मालवायची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली. शाळेत मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र दिलं, तिसरा तास मोकळा मिळाला.

वैद्यजींना फोन डॉक्टरांनी स्वतः केला. मला भीती होती की वाद होईल. झाला नाही. मेसालामिन बंद आहे हे ऐकून ते चकित झाले आणि म्हणाले, ‘रिपोर्ट मला दाखवले असते, तर मी पर्पटी दिली नसती.’ पर्पटी आणि काढा थांबवायला त्यांनी लगेच होकार दिला. कुटज सध्या नको, यकृत सुधारल्यावर बघू, असं दोघांचं ठरलं. ताक मात्र ठेवा, हा त्यांचा आग्रह मलाही मान्य होता.

आहार मी दोन टप्प्यांत आखला. रक्त पडतंय तोवर मऊ भात, मुगाचं वरण, दुधी-पडवळ, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, अंडं, घरचं ताज्या दह्याचं ताक जिरं घालून. सेव, मका, कच्चा कांदा, शेंगदाणे, मिरची बंद. उपास बंद. यावर सासूबाईंनी हरकत घेण्याआधी मीनलताईंनीच सांगून टाकलं की औषध घेणाऱ्याला उपासाची सूट असते. वजन गेलेल्या रुग्णाला आणखी वर्ज्य करायला सांगणं मला धोक्याचं वाटतं, त्यामुळे दर आठवड्याला एखादी वस्तू परत आणायची हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. पोहे तिसऱ्या आठवड्यात परत आले, सेवेशिवाय.

मग पूरक उपचार. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच, कशासाठी आणि कधीपर्यंत ते आधी लिहून.

हळदीचा प्रश्न सगळ्यात आधी आला. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये कर्क्युमिन या हळदीतल्या घटकाचे अभ्यास खरोखर लक्षवेधी आहेत. मेसालामिनची पूर्ण मात्रा घेऊनही सौम्य-मध्यम आजार न शमलेल्या ५० रुग्णांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन मेसालामिनसोबत दिलं, तेव्हा महिन्याभरात त्या गटातले निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण लक्षणमुक्त झाले, प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या, घेणाऱ्या गटात एकही नाही. जपानमधल्या २००६ च्या अभ्यासात ८९ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना सहा महिने, नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम देऊन उसळी टाळण्यात उपयोग दिसला. उलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅमच्या मात्रेत काहीच फरक पडला नाही. म्हणजे मात्रेचा मुद्दा मोठा आहे. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं, तेव्हा रात्रीच्या हळद-दुधातून हा परिणाम मिळायचा नाही, हे मला सासूबाईंना नीट समजावून सांगावं लागलं. आणि हे सगळे अभ्यास मेसालामिन किंवा त्याच वर्गातलं औषध चालू ठेवून केलेले आहेत, त्याच्या जागी नाही.

तरी आम्ही लगेच सुरू केलं नाही. जास्त मात्रेतल्या हळदीच्या गोळ्यांनी, विशेषतः शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एएलटी तीन आठवड्यांत ७१ आणि आठ आठवड्यांत ३४ झालं, तेव्हाच मिरीचा अर्क नसलेलं कर्क्युमिन रोज २ ग्रॅम, दर महिन्याला यकृताची तपासणी आणि तीन महिन्यांनी फेरविचार, असं लिहून सुरू केलं.

इसबगोल रक्त पूर्ण थांबल्यावर, रात्री एक चमचा भरपूर पाण्याबरोबर. स्पेनमधल्या १९९९ च्या एका अभ्यासात इसबगोलाच्या बिया शांत झालेला आजार शांत ठेवण्यात मेसालामिनच्या जवळपास आल्या होत्या, पण तो छोटा आणि एकटा अभ्यास आहे. त्यावर विसंबून गोळ्या सोडायच्या नाहीत, एवढं मी अधोरेखित केलं.

प्रोबायोटिकची चौकशी यजमानांनी केली. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांच्या चाचणीत आठ जिवाणूंच्या मिश्रणाने सौम्य-मध्यम कोलायटिसमध्ये फायदा दिसला होता, पण मात्रा दिवसातून दोनदा ३,६०० अब्ज जिवाणूंची होती. दुकानात मिळणाऱ्या एका कॅप्सूलमध्ये याचा अगदी छोटा अंश असतो. खर्च पाहून ते वगळलं. दही-ताक अन्न म्हणून चालू राहिलं.

योगासाठी त्या एका शिबिरात जाणार होत्या. तिथे मिठाचं पाणी पिऊन आतडं धुण्याची शंखप्रक्षालन क्रिया होती. ती आम्ही स्पष्टपणे नाकारली. कपालभातीही सध्या नको. सोपी आसनं, भ्रामरी आणि सावकाश श्वास यांवर थांबलो. जर्मनीतल्या २०१७ च्या चाचणीत, आजार शांत असलेल्या पण जगणं त्रासाचं झालेल्या ७७ रुग्णांपैकी ज्यांना बारा आठवड्यांचा योगवर्ग दिला, त्यांच्या जीवनमानात सुधारणा दिसली. मीनलताईंच्या कागदावर योगापुढे आम्ही ‘झोप आणि शाळेतली धास्ती’ एवढंच लिहिलं. दाह कमी करण्याचं काम त्याच्याकडे दिलं नाही.

परिणाम

दहा-बारा दिवसांत रक्त थांबलं. आठव्या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिन २१०, म्हणजे ठरलेल्या रेषेच्या आत, म्हणून अझॅथायोप्रिन टळलं. पाचव्या महिन्यात ते ९६ होतं, हिमोग्लोबिन १२.१, वजन ५३. सिग्मॉइडोस्कोपीत अस्तर जवळजवळ सामान्य, थोडी लाली तेवढी.

कर्क्युमिनचा यात किती वाटा? कॅलप्रोटेक्टिन २१० वर आलं तेव्हा कर्क्युमिन सुरूही झालेलं नव्हतं. नंतरची घट कदाचित त्याने झाली असेल, कदाचित रोजच्या एनिमानेच. एका रुग्णावरून ते सांगता येत नाही. तीन महिन्यांनी फेरविचार केला तेव्हा मीनलताई म्हणाल्या, ‘गोळ्या फार होतात, पण हे चालू असलं की मला वाटतं माझंही काहीतरी चाललंय.’ यकृत ठीक होतं, म्हणून चालू ठेवलं. योगाचा परिणाम मात्र त्यांना स्पष्ट जाणवला: झोप लागते, सकाळी खाऊन शाळेत जातात.

दिवाळीत नाशिकला माहेरी जाणं झालं आणि पंधरा दिवस एनिमा राहिला. परतल्यावर आव दिसू लागली, कॅलप्रोटेक्टिन ३४०. या वेळी त्यांनी रक्ताची वाट पाहिली नाही, तिसऱ्याच दिवशी फोन केला. महिनाभर रोज एनिमा घेऊन ते पुन्हा खाली आलं, स्टेरॉइड लागलं नाही. आता प्रवासासाठी एनिमाऐवजी सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी, बरोबर नेतात. तिचा परिणाम गुदाशयापुरताच असतो, पण काहीच न घेण्यापेक्षा चांगलं.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महागात पडलेली जागा म्हणजे ‘औषधं चालू आहेत ना?’ हा प्रश्न. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘गेल्या आठवड्यात किती रात्री एनिमा राहिला?’ असं विचारलं असतं तर २०२१ मध्येच जिन्याची अडचण कळली असती आणि बहुधा स्टेरॉइडच्या दोन्ही फेऱ्या टळल्या असत्या. आता आमच्याकडे एनिमा लिहून देताना झोपायची खोली कुठे आणि संडास कुठे, हे विचारतात.

दुसरी जागा वैद्यजींच्या दारातली. त्यांनी चालू औषधांची चिठ्ठी मागितली असती, किंवा सहा आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन करून आणायला सांगितलं असतं, तर लक्षणं कमी होऊनही दाह तसाच असल्याचं त्यांनाच दिसलं असतं. मला त्यांच्या उपचाराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजमाप न ठेवता सुधारणा मानण्याबद्दल, आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे. आमच्याकडेही पहिल्या दोन वर्षांत कॅलप्रोटेक्टिन फक्त उसळी आल्यावरच केलं गेलं होतं.

तिसरी, पाच चांगल्या आठवड्यांनंतर रक्त परत दिसलं ती. तिथून आमच्याकडे येईपर्यंत तीन आठवडे गेले. धोक्याच्या खुणेचा कागद निदानाच्या दिवशीच हातात दिलेला असता, तर आत्यांचं म्हणणं आणि कागदावरचं लिहिलेलं यांत निवड करायला निदान काहीतरी हाताशी असतं.

मेसालामिनला दुसरी संधी देण्याबद्दल मतभेद होऊ शकतो. यकृत सामान्य झाल्यावर अझॅथायोप्रिन सुरू करायला हवं होतं, असं मानणारे पोटविकारतज्ज्ञ असतील आणि त्यांचा युक्तिवाद कमकुवत नाही. दिवाळीनंतरची उसळी त्यांच्या बाजूने वाचता येते. मी ती उलट बाजूने वाचते: एनिमा सुटला की आजार परततो आणि घेतला की शमतो, हे आता तारखांसह लिहिलेलं आहे.

कुटजाचा निर्णय अजून व्हायचा आहे. मीनलताईंनी गेल्या भेटीत पुन्हा विचारलं. वैद्यजी आणि डॉक्टर यांचं फोनवर इतकं ठरलं आहे की द्यायचं झाल्यास कर्क्युमिन आधी थांबवायचं, मध्ये महिनाभर काही नवीन नाही, मग कॅलप्रोटेक्टिन आणि यकृताची तपासणी, आणि त्यानंतरच. कर्क्युमिन सोडायचं की नाही, ते ठरवायला मीनलताईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वेळ मागितला आहे.